घरात कोण उरले? हवल्लीच्या बिऱ्हाडातून संगणकाचा एक धडा

कुवेत हे नाव घेतले की आपल्या डोळ्यांपुढे वाळवंट, तेलाच्या विहिरी आणि अंग भाजणारे ऊन उभे राहते. पण कुवेत शहराच्या आग्नेयेस असलेल्या हवल्ली या भागात पाऊल टाकले की निराळेच चित्र दिसते. एकाला एक लागून इमारती, खाली दुकाने आणि वर बिऱ्हाडे. इब्न खल्दून रस्त्यावर संगणक आणि त्याचे सुटे भाग विकणारी दुकाने दाटीने उभी आहेत. नाना देशांचे लोक तेथे खरेदी-विक्री करतात. कुवेतमध्ये भारतीयांचीच संख्या दहा लाखांच्या घरात आहे आणि परदेशी लोकांत त्यांचा क्रमांक पहिला लागतो.

नोकरीनिमित्त तेथे राहणाऱ्या आप्तांकडे काही दिवस मुक्काम करण्याचा योग आम्हांला आला. घरापासून दूर, एकटे राहणाऱ्या पुरुषांची तेथील राहणी पाहण्यासारखी असते. एक फ्लॅट भाड्याने घ्यायचा आणि सहा-आठ जणांनी मिळून त्यात राहायचे. कोणाची पाळी सकाळची, कोणाची रात्रीची. चोवीस तास कोणी ना कोणी येत असतो आणि कोणी ना कोणी जात असतो. इमारतीची देखरेख करणाऱ्या माणसाला तेथे ‘हारिस’ म्हणतात. किल्ल्या, पाणी, भाडे या सर्व गोष्टी त्याच्याच हातून होतात.

आमचा भाचा तेथे प्रोग्रामर आहे. त्याच्या कामावरचा एक प्रोग्राम आठवडेच्या आठवडे नीट चाले आणि मग एखाद्या गुरुवारी संध्याकाळी, सुट्टीपूर्वीची गर्दी उसळली की अचानक बंद पडे. पुन्हा सुरू केला की सर्व ठीक. कचेरीत बसून तपासावे तर दोष दिसेना. तीन आठवड्यांनी दोष सापडला तो एका साध्या मोजणीत. एक वाढवणे आणि एक कमी करणे, एवढेच ज्या मोजणीत करायचे असते, तिच्यात जाणती माणसे कशी फसतात, हा प्रश्न आम्हा शिक्षकांच्या मनाला चटका लावणारा आहे. आपल्या बेटावरील कितीतरी मुले आज एबेनच्या सायबर सिटीत हेच काम करतात आणि उद्या आणखी करतील. म्हणून हा विषय वाचकांपुढे सोप्या भाषेत ठेवीत आहोत.

दारामागची पाटी

समजा, हवल्लीत अशीच एक जागा काही मंडळींनी रोजभाड्याने घेतली आहे. सगळे बाहेर पडले की जागा परत करायची, म्हणजे हारिस ती दुसऱ्या कुटुंबाला देईल. पण सगळे बाहेर पडले हे कळावे कसे? त्यांनी एक युक्ती केली. दारामागे एक पाटी टांगली. पाटीवर फक्त एक आकडा, म्हणजे आत किती माणसे आहेत तो. आत येणाऱ्याने आकडा एकाने वाढवायचा आणि बाहेर जाणाऱ्याने एकाने कमी करायचा. ज्याच्या हातून शून्य लिहिले जाईल त्याने दिवे, गॅस बंद करून, कुलूप लावून किल्ली हारिसला द्यायची. कोणी कोणाची वाट पाहायला नको आणि कोणी मुकादमही नेमायला नको.

संगणकाच्या स्मृतीत हीच युक्ती चालते. एखादी नोंद ठेवण्यासाठी प्रोग्राम स्मृतीतील थोडी जागा घेतो. त्या जागेचा पत्ता ज्यात ठेवलेला असतो त्याला पॉइंटर म्हणतात. एकाच नोंदीचा पत्ता प्रोग्रामच्या पाच-दहा भागांकडे असू शकतो. त्यांपैकी शेवटच्याचे काम संपले की जागा परत करायची असते. जागा कधीच परत केली नाही तर स्मृती भरत जाते आणि यंत्र मंदावते. वेळेआधी परत केली तर त्याहून वाईट. कोणाचा तरी पत्ता अजून त्या जागेकडे बोट दाखवीत असतो आणि जागेत दुसऱ्याच कोणाचे सामान येऊन पडते. म्हणून प्रत्येक नोंदीबरोबर एक आकडा ठेवतात. पत्ता नव्या हाती गेला की एक मिळवायचा, हात सुटला की एक वजा करायचा, शून्य झाले की जागा परत. याला संदर्भ-मोजणी म्हणतात.

ही युक्ती अमेरिकेतील जॉर्ज कॉलिन्स यांनी १९६० साली प्रसिद्ध केली. त्याच वर्षी जॉन मॅकार्थी यांनी दुसरी पद्धत सांगितली. तिच्यात पाटी नसते. अधूनमधून एक झाडूवाला सर्व घरे फिरून पाहतो आणि जेथे कोणाचाच पत्ता पोहोचत नाही ती जागा मोकळी करतो. दोन्ही पद्धती आजही चालतात. पाटीचा फायदा असा की जागा ताबडतोब मोकळी होते आणि झाडूवाल्यासाठी काम थांबवावे लागत नाही.

पाटीचा एक दोष मात्र पहिल्यापासून ठाऊक आहे. दोन नोंदी एकमेकींचा पत्ता धरून बसल्या तर दोघींचाही आकडा कधी शून्य होत नाही. ‘तू निघाल्याशिवाय मी निघणार नाही’ असे दोन मित्रांनी एकमेकांना सांगावे आणि दोघेही घरातच राहावेत, तसा हा प्रकार. त्यावर उपाय म्हणून मोजणीत न धरलेला, हलका पत्ता वापरतात. पण आजचा आमचा विषय तो नाही.

दोन हात, एक पाटी

१९८० च्या दशकात कुवेतच्याच मोहम्मद अल-शारेख यांच्या अल-आलमिया या संस्थेने ‘सख्र’ नावाचे संगणक अरबी घरांत पोहोचवले. अरबी अक्षरे संगणकावर आणण्यात या संस्थेचे नाव मोठे आहे. त्या यंत्रांत झेड-८० नावाचा एकच छोटा प्रोसेसर असे. एकच हात, एकच पाटी. आज इब्न खल्दून रस्त्यावर साधा फोन घेतला तरी त्यात बहुधा आठ प्रोसेसर एकत्र बसवलेले असतात. एकाच प्रोग्रामची अनेक कामे एकाच वेळी चालू असतात. अशा प्रत्येक कामाच्या ओघाला थ्रेड, म्हणजे धागा म्हणतात. सर्व धागे एकाच घरात वावरतात आणि एकाच पाटीवर लिहितात. यंत्रात एकच प्रोसेसर असला तरी तो या धाग्याचे काम अर्धवट सोडून त्या धाग्याकडे वळतो, म्हणून पुढे सांगितलेला धोका तेथेही टळत नाही.

पाटीवरचा आकडा एकाने कमी करणे ही आपल्याला एक क्रिया वाटते. खरे पाहता त्या तीन क्रिया आहेत. आधी आकडा वाचायचा, मग मनात वजाबाकी करायची आणि शेवटी नवा आकडा लिहायचा. प्रोसेसरही असेच करतो. या तीन क्रियांच्या मधे दुसरा हात आला की घोटाळा होतो.

पहिला प्रकार पाहा. घरात दोघे आहेत, पाटीवर २. दोघेही एकदमच निघाले. दोघांनी २ वाचला, दोघांनी मनात एक वजा केला, दोघांनी १ लिहिला. घर रिकामे, पण पाटी म्हणते आत एक जण आहे. दिवे जळत राहिले, भाडे चढत राहिले. संगणकात ही झाली स्मृतीची गळती.

दुसरा प्रकार याहून भयंकर आहे. घरात दोघे आहेत. त्यांपैकी एक जण बाहेर निघाला आणि त्याच क्षणी तिसरा आत आला. दोघांनीही २ वाचला. येणाऱ्याने ३ लिहिला. जाणाऱ्याने लगेच त्यावर १ लिहिला. आत माणसे दोन आहेत, पाटी सांगते एक. थोड्या वेळाने त्या दोघांतील एक जण कामावर निघतो, १ पुसून ० लिहितो आणि नियमाप्रमाणे कुलूप लावून किल्ली हारिसला देतो. रात्रपाळी करून आलेला माणूस आत झोपलेला आहे! तासाभराने हारिस ते घर दुसऱ्या कुटुंबाला देतो. नियम सगळ्यांनी पाळला, कोणी आळस केला नाही, तरी अनर्थ झाला.

आपल्या गावच्या दुकानातील उधारीचे ‘कार्ने’ आठवा. दुकानदार आणि त्याची बायको दोघांनीही मागची बाकी मनात धरली आणि दोघांनी आपापला माल त्यात मिळवून नवी बाकी लिहिली, तर एकाचा माल हिशेबातून जाणारच. आपल्या आजी-आजोबांना हा प्रश्न ठाऊक होता. फरक एवढाच की दुकानात तो महिन्यातून एकदा घडेल, तर संगणकात एका सेकंदात कोट्यवधी वेळा पाटी पुसली आणि लिहिली जाते. लाखात एकदा येणारी वेळही तेथे रोज येऊ शकते, पण नेमकी केव्हा येईल ते सांगता येत नाही. म्हणूनच भाच्याच्या प्रोग्रामातील दोष शांत कचेरीत दिसेना आणि गुरुवारच्या गर्दीत मात्र उसळून वर येई.

आकड्याने घेतलेले जीव

कोणी म्हणेल, घर, पाटी, दुकान हे सर्व ठीक, पण यात जीवनमरणाचा प्रश्न कोठे आला? त्यासाठी एक खरी घटना सांगतो. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात अमेरिका व कॅनडा येथे थेरॅक-२५ नावाच्या कर्करोगावरील किरणोपचार यंत्राने सहा रुग्णांना ठरलेल्या मात्रेच्या कितीतरी पट किरण दिले. त्यांतील काहींचा त्यामुळे मृत्यू झाला. या यंत्राच्या प्रोग्राममध्ये अनेक कामे आळीपाळीने चालत आणि एकाच नोंदीत लिहीत. टेक्सासमधील टायलर येथे १९८६ साली काम करणाऱ्या व्यक्तीने पडद्यावरील चूक झटपट दुरुस्त केली. ती दुरुस्ती प्रोग्रामच्या एका भागाला कळली, दुसऱ्याला कळली नाही.

वॉशिंग्टन राज्यातील याकिमा येथे जानेवारी १९८७ मध्ये घडले ते तर थेट आकड्याचेच होते. यंत्राची तपासणी करावी की नाही हे एका छोट्या आकड्यावरून ठरे. शून्य म्हणजे तपासणीची गरज नाही. प्रोग्रामचा एक भाग हा आकडा फेरीगणिक एकाने वाढवी. त्या आकड्याला जागा इतकी लहान की २५५ नंतर तो पुन्हा शून्यावर येई. नेमक्या त्या शून्याच्या क्षणी बटण दाबले गेले आणि तपासणी गळली. ही संदर्भ-मोजणी नव्हती हे खरे, पण अनेक कामांनी वाटून घेतलेल्या एका आकड्यावर विश्वास टाकल्याने काय होते, याचे याहून दुःखद उदाहरण नसेल.

संदर्भ-मोजणीचेही उदाहरण आहे. जानेवारी २०१६ मध्ये लिनक्स या प्रणालीच्या गाभ्यातील एक दोष उघडकीस आला. २०१३ पासूनच्या आवृत्त्यांत तो होता. गुप्त किल्ल्या ठेवण्याच्या एका सोयीत एका वाटेने आत येताना मोजणी वाढे, पण नंतर कमी होत नसे. मोजणीचा आकडा ३२ बिटांचा होता. त्यात सुमारे ४२९ कोटींपर्यंत मोजता येते आणि मग आकडा पुन्हा शून्यावर येतो. एखादा लबाड प्रोग्राम तेवढ्या वेळा दार वाजवीत बसला की पाटीवर शून्य येई, घर परत दिले जाई आणि त्या जागेत तो आपले सामान आणून ठेवी. जुना पत्ता धरून येणारा गाभा ते सामान आपलेच समजून वापरी आणि साऱ्या यंत्राची सत्ता लबाडाच्या हाती जाई. २०१७ साली लिनक्समध्ये मोजणीची नवी पद्धत आली. आकडा मर्यादेला पोहोचला की तेथेच चिकटून राहतो आणि ती जागा पुन्हा कधीच परत दिली जात नाही. थोडी स्मृती वाया गेली तरी चालेल, पण आत माणूस असताना घर दुसऱ्याला देता कामा नये, हा त्यामागचा विचार. आम्हांला तो फार शहाणपणाचा वाटतो.

अविभाज्य क्रिया आणि तिची किंमत

मग दोन हातांच्या भांडणावर उपाय काय? वाचणे, वजाबाकी आणि लिहिणे या तीन क्रिया मिळून एकच करायच्या. पाटी हातात घेतली की नवा आकडा लिहून होईपर्यंत ती दुसऱ्याच्या हाती जाऊ द्यायची नाही. प्रोसेसरमध्ये यासाठी खास आज्ञा असतात. अशा क्रियेला ॲटॉमिक म्हणतात, आपण अविभाज्य म्हणू. सी प्लस प्लस या भाषेत २०११ साली मोजणी करणारा जो सामायिक पॉइंटर प्रमाण भाषेत आला, त्याची मोजणी धाग्यांच्या गर्दीत अशीच सांभाळली जाते.

पण फुकट काहीच मिळत नाही. पाटी एका प्रोसेसरच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाण्यास वेळ लागतो. अविभाज्य क्रिया साध्या क्रियेपेक्षा कितीतरी पट महाग पडते. घरात एकटाच माणूस राहत असेल तर ही सारी खबरदारी वायाच जाते.

या किमतीची गोष्ट पायथन भाषेइतकी दुसऱ्या कोणी भोगली नसेल. हवल्ली प्रांतातच येणाऱ्या सालमिया भागात सीबीएसई अभ्यासक्रमाच्या भारतीय शाळा आहेत. त्या अभ्यासक्रमात अकरावी-बारावीची संगणकशास्त्राची मुले पायथनच शिकतात. गिडो व्हान रॉसम यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या या भाषेत जवळजवळ प्रत्येक वस्तूला मोजणीची पाटी आहे. लाखो पाट्या अविभाज्य करण्याऐवजी सर्व घराला एकच मोठे कुलूप लावले गेले. ज्याच्या हाती किल्ली तोच धागा चालेल, बाकीचे थांबतील. मोजणी सुरक्षित राहिली, पण आठ प्रोसेसर असून पायथनचा एकच धागा पुढे सरके. १९९० च्या दशकातच ग्रेग स्टाइन यांनी हे कुलूप काढून पाहिले, तर एकट्या धाग्याचे काम फार मंदावले. प्रयत्न सोडून द्यावा लागला.

पुढे २०१८ साली इलिनॉय विद्यापीठातील जिहो चोई, थॉमस शल आणि होसेप तोरेयास यांनी एक तोडगा मांडला. बहुतेक वस्तू एकच धागा वापरतो. मग त्या धन्याने आपली मोजणी खिशातल्या वहीत साध्या रीतीने ठेवावी आणि पाहुण्यांनी तेवढी दाराची अविभाज्य पाटी वापरावी. शेवटी दोन्हींचा मेळ घालावा. याच विचाराचा आधार घेऊन सॅम ग्रॉस यांनी पायथनचे मोठे कुलूप काढण्याची योजना मांडली आणि ती २०२३ साली मान्य झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये कुलूप नसलेले पायथन प्रयोग म्हणून आले आणि ऑक्टोबर २०२५ च्या आवृत्तीत त्याच्यावरचा प्रयोगाचा शिक्का गेला. तीस वर्षांहून अधिक काळ एका पाटीने साऱ्या घराला थांबवून ठेवले होते, असे म्हणायला हरकत नाही.

पवईच्या विद्यार्थिनीचे काम

अविभाज्य आकडा मिळाला तरी आणखी एक पेच उरतो, तो क्रमाचा. आजचे प्रोसेसर वेग वाढवण्यासाठी कामांचा क्रम आपसांत बदलतात. तुम्ही ‘आधी भांडी जागेवर ठेव, मग पाटी पूस’ असे सांगितले तरी दुसऱ्याला आधी पाटी पुसलेली दिसू शकते आणि भांडी नंतर जागेवर आलेली. म्हणजे शेवटचा माणूस कुलूप लावतो, तेव्हा आधी गेलेल्याचे काम त्याच्या दृष्टीने पुरे झालेलेच नसते. म्हणून जाणाऱ्याने आकडा कमी करताना ‘माझे मागचे सर्व काम आधी दिसू दे’ असे सांगायचे असते. आणि शून्य करणाऱ्याने आवरायला लागण्यापूर्वी ‘आधीच्यांचे सर्व काम मला दिसू दे’ असे म्हणायचे असते. आत येणाऱ्याला एवढी काळजी नको. आतल्या कोणीतरी दार उघडले म्हणूनच तो आत आला, तेव्हा घर रिकामे होण्याचा प्रश्नच नाही.

हे नियम मनाला येतील तसे ठरलेले नाहीत. यांच्या मागे जे शास्त्र आहे, त्यात सरिता अडवे यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. मुंबईत पवई येथील आयआयटीतून त्यांनी १९८७ साली पदवी घेतली आणि १९९३ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातून पीएचडी मिळवली. पुढे त्या इलिनॉय विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७९ साली सांगितले होते की अनेक प्रोसेसरांचे यंत्र असे चालावे, जणू सर्वांची कामे एका ओळीत, ठरल्या क्रमाने होत आहेत. पण तसे काटेकोर यंत्र मंद पडे. अडवे आणि त्यांचे मार्गदर्शक मार्क हिल यांनी १९९० साली मधला मार्ग दाखवला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की हा एक करार आहे. प्रोग्रामरने सामायिक नोंदीवर दोन हात बेसावध पडू देऊ नयेत आणि जेथे पडणार असतील तेथे स्पष्ट खूण करावी. एवढे त्याने पाळले की यंत्राने त्याला सरळ, ओळीतल्या क्रमाची हमी द्यावी. मधे यंत्र काय उलटापालट करते ते पाहण्याची त्याला गरज नाही.

याच विचारावर पुढे जावा भाषेचे आणि नंतर सी प्लस प्लसचे नियम बसवले गेले. त्या कामातही अडवे यांचा वाटा होता. २००८ साली त्यांना या कामासाठी मॉरिस विल्क्स पुरस्कार मिळाला. आज हवल्लीच्या दुकानातील फोन असो की आपल्या क्युरपीपच्या दुकानातील, त्यातील प्रोग्राम या करारावर उभे असतात.

पाटी सुरक्षित, आमटीचे काय?

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. भाच्याच्या प्रोग्रामात मोजणी अविभाज्यच होती. तरी तो का बंद पडे?

हवल्लीच्या त्या घराकडे पुन्हा पाहा. पाटी अचूक आहे. आत कोणी असताना घर कधीच परत दिले जाणार नाही. पण स्वयंपाकघरात आमटी उकळते आहे. एक जण येऊन चव घेतो आणि मीठ घालतो. त्याच वेळी दुसराही चव घेऊन मीठ घालतो. आमटी खारट झाली. यात पाटीचा काय दोष? पाटीने घर राखण्याचे वचन दिले होते, आमटी राखण्याचे नव्हे. मोजणी सुरक्षित असली की फक्त वस्तू वेळेआधी नाहीशी होत नाही. वस्तूच्या आत दोन धागे एकदम लिहू लागले तर मोजणी त्यांना अडवीत नाही. त्यासाठी चुलीला वेगळे कुलूप हवे. आणखी एक. वस्तू एक, पण पत्ता प्रत्येक धाग्याचा स्वतःचा असावा. एकच पॉइंटर दोन धाग्यांनी ओढाओढ करून बदलला तर सामायिक पॉइंटरही वाचवू शकत नाही. त्यासाठी सी प्लस प्लसमध्ये २०२० साली वेगळा, अविभाज्य प्रकार द्यावा लागला. ‘हा सामायिक पॉइंटर सुरक्षित आहे ना, मग झाले’ असे म्हणून पुष्कळ प्रोग्रामर येथेच फसतात. भाच्याच्या मंडळींचे तेच झाले होते.

हा फरक माणसाच्या लक्षात राहत नाही, तर भाषेनेच तो लक्षात ठेवावा, असा प्रयत्न रस्ट या भाषेत झाला आहे. तिचा जन्मही एका इमारतीतलाच म्हणायचा. कॅनडातील व्हँकूव्हर शहरात ग्रेडन होअर एकविसाव्या मजल्यावर राहत. २००६ साली एकदा घरी आले तर लिफ्ट बंद. तिचा प्रोग्राम कोसळला होता, आणि तो पहिल्यांदाच नव्हे. जिने चढता चढता त्यांना वाटले की साधी लिफ्ट नीट चालेल असे प्रोग्राम आपल्याला का लिहिता येऊ नयेत? तेथून सुरू झालेली भाषा १५ मे २०१५ रोजी पहिल्या स्थिर आवृत्तीत आली.

रस्टमध्ये पाट्या दोन प्रकारच्या आहेत. ‘आरसी’ ही साधी, स्वस्त पाटी एकट्या धाग्यासाठी. ‘आर्क’ ही अविभाज्य, महाग पाटी अनेक धाग्यांसाठी. साधी पाटी घेऊन कोणी दुसऱ्या धाग्याकडे जाऊ लागला तर भाषेचा अनुवादक त्याला दारातच अडवतो. प्रोग्राम तयारच होत नाही. आणि ‘आर्क’मधील वस्तू नुसती पाहता येते. ती बदलायची असेल तर आत कुलूप, म्हणजे म्युटेक्स किंवा तशीच सोय ठेवावी लागते. पाटी वेगळी आणि चूल वेगळी, हे येथे विसरताच येत नाही. इमारतीचा हारिस दक्ष असला की भाडेकरूंच्या विसरभोळेपणाने घर जात नाही, तसेच हे.

दुसरा मार्ग पुण्याने फार पूर्वी चोखाळला होता. भारताला अमेरिकेकडून महासंगणक मिळणे अवघड झाले, तेव्हा १९८८ साली पुण्यात सीडॅक ही संस्था उभी राहिली. अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली तेथे परम ८००० तयार झाला. त्यातील प्रत्येक प्रोसेसरला स्वतःची स्मृती होती आणि ते एकमेकांना निरोप पाठवून काम करीत. घरे निराळी, पाट्या निराळ्या, भांडणच नको! पण निरोप पाठवण्याला वेळ लागतो आणि एकाच यंत्रातील धाग्यांना एवढे वेगळे राहणे नेहमी परवडत नाही. म्हणून सामायिक घर आणि त्याची पाटी टाळता येत नाहीच.

पालकांना आणि मुलांना

पालक आम्हांला नेहमी विचारतात, मुलांनी संगणकाची कोणती भाषा शिकावी? आमचे उत्तर असे की भाषा बदलत राहतील. १९६० ची पाटी मात्र आजही टांगलेली आहे. तेव्हा मुलांना आधी तीन प्रश्न विचारायला शिकवा. ही वस्तू किती जण वापरतात? शेवटचा कोण हे कसे कळते? आणि आत असताना एकाने केलेल्या बदलाने दुसऱ्याचे काय होते? पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर मोजणी देते. तिसऱ्याचे उत्तर मोजणी देत नाही, ते आपल्यालाच शोधावे लागते.

शाळेत हे शिकवायला संगणकच पाहिजे असे नाही. वर्गात एक पाटी ठेवावी. दोन मुलांना एकाच वेळी आकडा वाचायला सांगावे, मग पाठ फिरवून बेरीज करायला सांगावे आणि शेवटी लिहायला सांगावे. पाच मिनिटांत सारा वर्ग चूक कोठे झाली ते स्वतःच सांगू लागेल. मग एकाच्या हाती पाटी देऊन, काम होईपर्यंत ती सोडायची नाही असा नियम घालावा. उपायही मुलांना स्वतःलाच सापडेल. पुढे ही मुले एबेनला जावोत की कुवेतला, कोणाच्या तरी बँकेचा, दवाखान्याचा किंवा विमानतळाचा प्रोग्राम त्यांच्या हाती येणार आहे. त्या घरात रात्रपाळीहून येऊन झोपलेला कोणी आहे की नाही, हे कुलूप लावण्यापूर्वी पाहण्याची सवय त्यांना आताच लागलेली बरी.